अर्धी निघालेली काच

उद्यमनगरात माझं दुकान.
दुकान म्हणजे दोन गॅरेजांमधली फट, एक बल्ब,
आन् पाटी : शिकलगार फिल्म, सीट कव्हर.
आज्जा गावोगाव सुऱ्यांना धार लावत फिरायचा,
ठिणग्यांनी त्याच्या बाहीला जाळी पडलेली.
मला धार लागते ती एका ब्लेडपुरती,
काच सोडून नुसती फिल्म कापणारी.

साबणाचं पाणी मारायचं, फिल्म सरकवायची,
रबरानं बुडबुडे कडेला हाकलायचे.
शेवटचा कोपरा मी जरा गोल कापतो.
ती माझी सही.
गिऱ्हाईक वाकून बघतं, म्हणतं,
मामा, आतलं कायबी दिसत न्हाई न्हवं?

सोमवारी चौगुले मॅडम दारात उभ्या.
ट्रॅफिकचा पांढरा शर्ट, पाठीला चिकटलेला.
म्हटलं, संपलं आता, शटर ओढा.
तर म्हणाल्या,
आमची पोरं नखानं सोलत्यात,
तीन गाड्यांच्या काचा ओरबाडल्या,
एकानं वरपर्यंत तक्रार केली.
तुमी या नाक्यावर. ब्लेड घेऊन.

दहा वाजल्यापासून कावळा नाक्यावर उभा आहे.
मॅडम काचेला मीटर लावतात, आकडा वाचतात :
बावीस. एकतीस. नऊ.
पुढं-मागं सत्तर टक्के, बाजूला पन्नास,
एवढा उजेड आरपार गेला पायजे म्हणे.
आन् कंपनीतनंच तशी आली तर चालती,
वरनं चिकटवली की गुन्हा.
म्हणजे कायद्याला काळोख चालतो थोडा,
फक्त माझ्या हातचा नको.

पहिल्या गाडीतला, 'थांबा, फोन लावतो' म्हणाला.
रिंग वाजत राहिली.
तोवर माझ्या दोन काचा झाल्या.
दुसरीच्या आत एक भारदस्त साहेब,
भडंगाच्या पुडीत हात मनगटापर्यंत.
फिल्म निघाली तसा हात तिथंच थांबला,
जणू आख्खा नाका त्याच्या घासाकडं बघतोय.
तिसरीचा कोपरा गोल होता.
मालक बाहेर आला. मामा, तुमीच?
व्हय, मीच.
बावीसशे घेतलेले लावायचे. त्यानं आठवण केली नाही,
त्यानंच जास्त लागलं.

मग पांढरी व्हॅन, गडहिंग्लजकडची.
कोपरा गोल.
मागं एक बाई, तिशीतली, भर उन्हात पूर्ण बाह्या,
हातमोजे.
चालवणारा भाऊ कागद शोधत होता, डॅशबोर्डात, खिशात,
पायाखाली,
आन् मी हीटगन लावून कडेनं सुरुवात केलेली.
तो म्हणत होता, ताईला ऊन चालत न्हाई, साहेब,
अंगावर चट्टे उठत्यात, ताप चढतो.
हेच तो दुकानातही म्हणाला होता.
मी तेव्हा हसलो होतो.
सगळेच काहीतरी म्हणतात.

कागद सापडला. दवाखान्याचा, चार घड्या.
मॅडमनी वाचला. परत वाचला.
शिकलगार, ही राहू द्या.
मॅडम, अर्धी निघाली.
मग बसवा की परत.

कसं सांगायचं त्यांना,
निघालेली फिल्म पुन्हा बसत नसते,
गोंदावर तोवर नाक्याची धूळ बसलेली असते.
काचेच्या वरच्या अर्ध्यात ऊन आलं
आन् सीटवर तिरकी रेघ पडली.
बाई काही बोलली नाही.
पिशवी उचलून मांडीवर घेतली,
आन् रेघेच्या पलीकडं सरकली,
एष्टीत कुणाला जागा देतात तशी.
मॅडमनी पावतीपुस्तक मिटलं.
जावा, म्हणाल्या. पलीकडच्या कडेनं बसा, ताई.
पुढच्या गाडीला हात केला त्यांनी,
पण उशिरा. गाडी निघून गेली.

संध्याकाळी पोत्यात भरल्या सगळ्या फिल्मा.
कुठं टाकायच्या, कुणाच्या नियमात लिहिलेलं नाही.
घरी शबानानं पोतं बघितलं,
म्हणाली, न्हाणीच्या खिडकीला एक लावा की,
समोरच्या गच्चीवरनं पोरं बघत्यात.
एक तुकडा बल्बापुढं धरला.
बावीस असंल, फार तर पंचवीस.
गोंदात माझ्याच बोटांचे ठसे
आन् कुणाचा तरी एक लांब केस.
धुऊन लावतो म्हटलं.
अजून लावलेला नाही.
बाहीला चिकटलाय, निघत नाही.